पुढच्याच्या टाचा

१

६ एप्रिल, सोमवार. पहाटे धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

शाळेला सुट्टी लागल्यापासून नात रोज आजोबांबरोबर कामावर जात होती. आई इस्पितळाच्या धुलाई विभागात पहिल्या पाळीला. घरी दुसरं कोणी नाही. अकरा वर्षांच्या मुलीला कुलपात ठेवायला ती काही तांब्याचं भांडं नव्हे, असं आजोबांचं म्हणणं. ते तिला ‘चौकशी’ म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथे ते सुखात होतं.

घरापासून वनस्पती संग्रहालयापर्यंत वीस मिनिटांची वाट. हे दोघं पाऊण तास लावायचे, कारण वाट कालव्याच्या काठाने जायची, आणि काठावर आपोआप उगवलेलं सगळं म्हणजे आजोबांची शाळा.

आजोबांची माणसं या मुलखात सगळ्यांच्या आधीपासूनची. शहराच्या उत्तरेला आता जी दगडाची खाण आहे तिथे पूर्वी डोंगर होता आणि डोंगरावर त्यांची वस्ती. डोंगर उतरवला तेव्हा माणसंही खाली उतरवली. झाडंझुडपं उतरवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

“हे काय?” आजोबांनी काठीने दाखवलं.

“तिनपानी. आंबट. ताप उतरला की द्यायची.”

“आणि हे शेजारचं?”

“तेही तिनपानीच.”

“शाब्बास. म्हणजे आज तुझा निकाल लागला. देठ बघ जरा. तिनपानीला कधी मिशा बघितल्यास?”

चौकशीने वाकून पाहिलं. देठावर बारीक केस होते. तिने वहीत लिहिलं: मिशीवाली नको.

काठावर दोघंच असली तरी चालायचं ते रांगेत. त्याचे नियम तिला पाठ होते. नजर पुढच्याच्या टाचांवर. तो पाय ठेवील तिथेच आपला पाय. पुढच्याला ओलांडायचं नाही. खुडायचं ते अंगठ्याच्या नखाने, तिरकं, आणि शेंड्याची दोन पानं सोडून. पुढचा कधी सगळं घेत नाही, मागच्यासाठी ठेवतो. ठेवलेलं तेवढंच आपलं.

“पण पुढच्याच्या तोंडाकडे का नाही बघायचं?”

“तोंडं बघायला घरी वेळ असतो,” आजोबा म्हणाले. “चल, साडेनऊ होतील.”

२

नमुन्यांची खोली तळमजल्यावर होती. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, डोक्यावर नळीदिवे, हवेत डांबरगोळ्यांचा वास. दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटांच्या रांगा आणि मधून एक माणूस जाईल एवढीच बोळ. दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत चौतीस पावलं. चौकशीने मोजली होती. ती सगळंच मोजायची.

कपाटांत जाड कागद, आणि प्रत्येक कागदावर एकेक वाळलेली वनस्पती दोऱ्याने टाके घालून बसवलेली. गेली सव्वीस वर्षं हे टाके आजोबा घालत होते. प्रत्येक कागदाला एक चिठ्ठी: कुठे मिळाली, कधी मिळाली, पानं किती, फुलं किती, फळं किती. शुक्रवारी दोन ट्रक येऊन हा सगळा संग्रह दूरच्या मोठ्या केंद्रात नेणार होते. त्याआधी एकूण एक कागद चिठ्ठीशी ताडून पेटीत भरायचा. चौकशी मोजायची, आजोबा पेटीत ठेवायचे, आणि काहीही न मोजता सही करायचे कारकूनकाका.

आजोबांना त्या कागदांतून एकच गोष्ट हवी होती.

एकोणीस नंबरच्या कपाटात दुधकानाचा कागद होता. पान कानासारखं, देठात दूध. वाहत्या जखमेवर चेचून बांधलं की रक्त थांबतं. डोंगराच्या माथ्यावर, एवढ्या एकाच जागी ते उगवायचं. आता माथा नव्हता, त्यामुळे दुधकानही नव्हतं. आजोबांनी सहा वर्षं कालवा, रेल्वेचा बांध, स्मशानाची मागची बाजू पालथी घातली होती. उरलं होतं ते या कागदावर: एक फांदी, सात पानं, दोन शेंगा. शेंगांत बिया.

“चार बिया द्या,” त्यांनी मागच्या महिन्यात मोठ्या बाईंना सांगितलं होतं. मोठ्या बाई म्हणजे संग्रहाच्या प्रमुख; वागायला सरळ, पण नियमाबाहेर बोटभर न सरकणाऱ्या.

“नमुना मोडता येत नाही, आजोबा. अर्ज करा, मी केंद्राकडे पाठवते.”

“उत्तर कधी येईल?”

“सात-आठ महिने धरा.”

“आणि कागद?”

“कागद दहा तारखेला जाईल.”

एकदा तिकडे गेलेला कागद परत यायचा नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

३

मंगळवारी उकडत होतं. अकराच्या सुमाराला चौकशीने एक कागद तीनदा मोजला.

“आजोबा, चिठ्ठीवर पानं अकरा. इथे नऊ आहेत.”

“चष्मा लागला वाटतं तुला.”

“तुम्हीच मोजा.”

त्यांनी मोजलं. नऊ.

पान गळालं तर कागदावर चुरा राहतो, पुसट डाग राहतो. इथे डाग होता पण चुरा नव्हता. चौकशीने नाक कागदाला लावलं. दोन देठांची टोकं तिरकी कापलेली होती. एक टोक सुकलेलं होतं, दुसरं हिरवं होतं. तिने बोट लावलं. ओलं लागलं.

कागदावरची तारीख तिच्या आईच्या जन्माआधीची होती.

दुपारपर्यंत असे पाच कागद निघाले. “झुरळं,” कारकूनकाका शिंकत म्हणाले. डांबरगोळ्यांनी ते दिवसभर शिंकायचे. “झुरळं खातात. लिहून टाक झुरळं.”

“झुरळाला नख असतं का, काका? हे नखाने खुडलंय.”

“तू पुढे वकील हो, पण आत्ता माझ्या मानगुटीवर बसू नकोस. हे सगळं शेवटी माझ्यावर येणार.”

चौकशीने वहीच्या मागच्या पानावर संशयितांची यादी केली. झुरळं: नाही. उंदीर: कागद कुरतडतील, पानं मोजून नेणार नाहीत. कारकूनकाका: कपाटाला हात लावला की शिंकतात, आणि पाहिलेलं सगळ्यांना सांगतात. शेवटचं नाव लिहिताना तिला अपराध्यासारखं वाटलं, पण लिहिलं. आजोबा. खुडायची ही तऱ्हा त्यांचीच.

पण शनिवारी पेटीचं झाकण त्यांच्या उजव्या अंगठ्यावर पडलं होतं. नख गेलं, वर पट्टी होती. डाव्या अंगठ्याचं नख ते दर रविवारी मुळापासून कापायचे. संध्याकाळी घरी आल्यावर तिने त्यांचा डावा हात हातात घेऊन नीट पाहिला.

“काय बघतेस? भविष्य?”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि नाव खोडलं. यादी रिकामी झाली. ते तिला मुळीच आवडलं नाही.

४

बुधवारी आणखी सात कागद निघाले. त्यांतले चार तिने स्वतः मंगळवारी मोजून पूर्ण म्हणून खूण केलेले होते. पेटी बंद, पेटीवर पट्टी, पट्टीवर कारकूनकाकांची सही. शंका आली म्हणून तिने त्या पेट्या पुन्हा उघडायला लावल्या. पट्टी शाबूत. आत पान कमी.

जेवणाच्या सुट्टीत तिने बारा कागदांच्या चिठ्ठ्या वहीत उतरवल्या. कपाटांचा क्रम लावला, काही जमेना. नावांचा क्रम लावला, काही जमेना. मग जे सगळ्यात आधी खुडलं गेलं असेल, म्हणजे ज्याचं टोक सगळ्यात सुकलेलं, ते वर. जे आत्ता ओलं ते खाली, असं लिहून काढलं आणि पुढे फक्त जागा लिहिली.

पायथा. पायथा. ओढ्याचा काठ. ओढ्याचा काठ. पाणवठा. पाणवठ्याच्या वर. मधली सपाटी. आणि शेवटची पाचही सपाटीचीच.

ती मागच्या पायरीवर गेली. आजोबा डबा खात बसले होते.

“कोणीतरी डोंगर चढतंय,” ती म्हणाली.

आजोबांचा घास हातात राहिला. तिने वही पुढे केली. त्यांनी ती दूर धरून, ओठ हलवत, हळूहळू वाचली.

“शेंड्याची दोन पानं ठेवलीत?”

“प्रत्येकावर.”

“मग ही चोरी नव्हे. चोर शेंडा ठेवत नाही.”

“पण आजोबा, आहे कोण?”

“तू बघितलंस का कोणाला?”

“नाही.”

“मीही नाही. न बघितलेल्या माणसाची उठाठेव आपण जेवताना कशाला करायची?” त्यांनी घास तोंडात घातला, पण चावला नाही. “सपाटीच्या पुढे काय उरलं?”

“खडक. मग माथा. माथ्याचा एकच कागद आहे.”

तिने यादीच्या तळाशी लिहिलं: दुधकान.

५

९ एप्रिल, गुरुवार. सकाळपासून आभाळ भरलेलं, पाऊस नाही.

खोलीत आता तीनच कपाटं भरलेली उरली होती. रिकाम्या कपाटांची दारं उघडी, त्यामुळे आवाज वेगळाच घुमत होता. चौकशी मोजत असताना तिला ऐकू आलं: टक्.

कालव्यावर हजारदा ऐकलेला आवाज. कोवळ्या देठावर नख मिटतं तेव्हाचा. वाळल्या काडीचा आवाज असा येत नाही. वाळली काडी कडकन मोडते.

टक्. मग सावकाश एक पाऊल टाकावं एवढी शांतता. टक्.

तिने स्वतःला समजावलं की लोखंड उन्हाने तापतं, निवतं, वाजतं. मग आठवलं, आज ऊन नाही. नळीदिव्याचा असेल. ती उठली आणि सगळे दिवे बंद केले. काळोखात दोनदा आवाज आला. तिने दिवे लावले आणि पहिल्यांदाच, न मोजता, धावत बाहेर गेली.

आजोबांनी तिचं ऐकून घेतलं, हात पुसले आणि तिला घेऊन सरळ वरच्या मजल्यावर मोठ्या बाईंकडे गेले.

“बाई, शेवटचं विचारतो. दुधकानाची एक शेंग.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आजोबा, मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण ते झाड सगळ्यांचं आहे. केंद्रात सुरक्षित राहील.”

“मेलेलं राहील. सुरक्षित आणि मेलेलं.”

“नियम माझ्यासाठीही आहेत.”

“डोंगर खणला तेव्हा कुठला नियम होता?”

“ते मी केलं नाही.”

“तुम्ही नाही केलंत,” आजोबा म्हणाले. “पण कपाटाची किल्ली तुमच्या हुकमाने फिरते. बरं. आम्ही ती शेंग घेणार आहोत. पाठीमागे घेतली म्हणू नका, म्हणून तोंडावर सांगून ठेवतो.”

बाई काही बोलायच्या आत त्यांनी नमस्कार केला आणि पाठ फिरवली. जिन्यात चौकशीने त्यांचा सदरा ओढला. “आजोबा, नोकरी जाईल.”

“सव्वीस वर्षं टाके घातले. आता एक उसवतो.”

६

दीडला सगळे वर गेले. संग्रहाला निरोप म्हणून चहा आणि दोन भाषणं होती. कारकूनकाका मात्र रेंगाळले. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

“मी हात धुवायला चाललोय,” ते कोणाकडेच न बघता म्हणाले. “मला वेळ लागतो हात धुवायला. आणि मी तिकडे गेलो होतो, कळलं? इकडचं मला काही माहीत नाही.” शिंकतच ते गेले.

“चपला काढ,” आजोबा दाराशी म्हणाले. “डोंगरावर जाताना अनवाणी.”

चौकशी खाली बसली. तिच्या चपलेचा बंद कडक होता. दोन्ही हात लावून सोडवावा लागला. मान वर केली तेव्हा बोळीत अनवाणी टाचा पुढे चालू लागल्या होत्या. तीही निघाली. नजर टाचांवर, पाय पडेल तिथे पाय.

एक, दोन, तीन. फरशी गार होती. टाचा संथ चालत होत्या, जराही आवाज न करता. अकरा, बारा. डांबरगोळ्यांचा वास मागे राहिला. वीस. फरशी गार होती की ओली? सव्वीस, सत्तावीस.

चौतीस.

भिंत यायला हवी होती. पस्तीस. तिची काहीतरी चूक झाली असेल. घाईत पावलं लहान पडली असतील. चाळीस. पायांखाली चढ होता. तळमजल्याच्या फरशीला चढ नसतो. सेहेचाळीस. पुढच्या टाचांच्या भेगांत लाल माती होती, ओली, आणि एका भेगेत गवताचं पातं अडकलं होतं.

मागून कोणी खोकलं. आजोबांचा खोकला. तिच्या मागून.

“थांबू नकोस,” ते अगदी हळू म्हणाले. “मान वर करू नकोस. टाचांकडे बघ.”

“आजोबा, पुढे कोण आहे?”

“पुढची माणसं.”

तिने मान वर केली नाही. पण टाचांच्या पुढे टाचा होत्या. त्यांच्या पुढे आणखी. म्हातारे पाय, भरीव पाय, एक जोडी तर तिच्याएवढ्याच पायांची. सगळे एका लयीत पडत होते, एकाच ठशात.

मग रांग थांबली. कपाटाचं दार करकरलं. किल्ली आजोबांच्या हातात होती, तरी करकरलं. टक्. टक्. टक्. ताज्या दुधाचा कडवट वास आला. रांग एक पाऊल पुढे सरकली, आणि चौकशी उघड्या दारासमोर आली.

दुधकान टाक्यांतून वर उठलं होतं. हिरवं, जाडसर. खुडल्या जागांतून दुधाचे थेंब फुगत होते. शेंड्याची दोन पानं ठेवली होती. खाली एक शेंग ठेवली होती.

“घेऊ?”

“ठेवलंय ना? मग आपलं आहे. घे. विचारू नकोस.”

तिने नख लावलं. टक्. शेंग मुठीत आली, उबदार. ती मूठ पोटाशी धरते आहे तोवर पुढची व्यक्ती थांबली. लुगड्याचा काठ असावा तसा कसलासा ओला कपडा टाचांवर टेकला, आणि एक हात मागे आला. तळवा उघडा, बोटं किंचित वाकलेली. मूल मागे आहे ना, हे बघायला मोठी माणसं न वळता मागे करतात तसा.

चौकशीचा हात आपोआप उचलला गेला.

“नको,” आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज असा तिने कधी ऐकला नव्हता. “तो हात धरू नकोस.” मग तिच्या डोक्यावरून, पुढे, मोठ्याने: “ही माझी आहे. ही इथेच राहणार. पेरायला माणूस लागतं. तुमचं तुम्ही न्या. हिला नेऊ देणार नाही.”

हात तसाच राहिला. दुधाचा एक थेंब बोटावरून फरशीवर पडला. आजोबांनी चौकशीचे खांदे मागून घट्ट धरले होते. ते मागे सरले नाहीत. तिलाही त्यांनी सरू दिलं नाही.

“सांगितलं ना,” ते म्हणाले. “नाही.”

बोटं मिटली.

“कोण आहे आत?” मोठ्या बाईंचा आवाज दारातून आला. आणि लगेच, वेगळ्या आवाजात: “अहो, इतकी माणसं आत कोणी सोडली?”

आजोबांनी चौकशीला वळवलं. दारापर्यंत पंधरा-सोळा पावलंच होती. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि या दोघांच्या मागे बघत होत्या.

“आम्ही सगळे इथलेच, बाई,” आजोबा म्हणाले. “शेंग घेतली. हिच्या मुठीत आहे. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. आणि त्या कागदाच्या कोपऱ्यात बघा, गोळा करणारा म्हणून ‘स्थानिक मदतनीस’ लिहिलंय. तो मी. एकोणीस वर्षांचा होतो, माझी आई माझ्या पुढे चालत होती. अहवालात या वेळी नाव लिहा. मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या.”

बाईंनी मुठीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. त्या अजून मागेच बघत होत्या, आणि ओठांनी मोजत होत्या.

७

शुक्रवारी, १० एप्रिलला, सकाळी आठ चाळीसला दोन ट्रक आले. ४,११८ कागदांपैकी ४,११७ गेले. दुधकानाचा कागद तपासासाठी ठेवून घेण्यात आला. त्यावर दोऱ्याचे नऊ टाके आणि चिठ्ठी आहे, वनस्पती नाही. अहवालात ‘आत आढळलेल्या व्यक्ती’ या रकान्यात मोठ्या बाईंनी अकरा लिहून खोडलं आहे आणि दोन लिहिलं आहे. गोळा करणाऱ्याचं नाव पूर्ण लिहिलं आहे. आजोबांना त्याच दिवशी दुपारी तीन वाजता कामावरून कमी करण्यात आलं.

शेंगेत नऊ बिया निघाल्या. १२ एप्रिलला रविवारी नातीने त्या तेलाच्या कापलेल्या डब्यात, घरामागच्या गॅलरीत पेरल्या. ४ मेपर्यंत पाच उगवल्या. एक गोगलगायीने खाल्ली. चार आहेत.